शिल्लक

आज आठवा दिवस. एन-सातमध्ये
पाणी रात्री कधीतरी सुटेल, असं ग्रुपवर आलंय.
आणि मी लेण्यांच्या डोंगराखाली, विद्यापीठातल्या
तळमजल्याच्या लॅबमध्ये
पाण्यानं तुटेल अशी साखळी बनवत बसलेय.

एस्टरचा एकेक दुवा, मधूनमधून अमाईन.
साखळीच्या अंगावर धन भार, डीएनए ऋण.
दोघांना एका थेंबात सोडलं की
लांबलचक डीएनए गुंडाळून बसतो
थंडीतल्या कुत्र्यासारखा, नाक शेपटीत.
दीडशे नॅनोमीटर.
म्हंजे केवढं, सटवाजीमामा विचारतात.
ज्वारीच्या दाण्यावरची धूळ घ्या, मी म्हणते,
त्यातल्या एका कणाच्या शंभराव्या हिश्शाएवढं.
ऱ्हाऊ द्या, ते म्हणतात.

पहिल्या वर्षी जुना वाहक वापरला होता, विकतचा.
तो आत शिरायचा, निरोप पोचवायचा,
आणि मग जायचाच नाही.
तिसऱ्या दिवशी पेशी गोल होऊन तरंगायच्या.
प्लेटच्या प्लेट मेलेली.
मी नोंदवहीत लिहिलं: विषारी.
आणि डबा खाल्ला.

मामा मूळचे किनवटकडचे.
त्यांची आई पळसाची पानं काडीनं टाचायची,
शंभराचा गठ्ठा; लग्नसराईत गठ्ठ्याला किती मिळायचे
ते मामांना अजून पाठ आहे.
बीकर घासता घासता एकदा म्हणाले,
"कामून एवढा जीव काढायलाव, ताई?
द्रोण कुणी धुवून फळीवर ठिवतंय का?
वरण पोटात, द्रोण उकिरड्यावर.
एक पावसाळा गेला की दाखवा मला कुठंय द्रोण."

हे प्रगती-अहवालात घालता आलं नाही.
पण त्याच महिन्यात मी दुवे बदलले.

इनक्यूबेटरमधल्या पेशी एका गाठीच्या.
कुणाच्या, माहीत नाही. डबीवर नंबर,
स्त्री, वय बावन्न, एवढंच.
ती गेली असणार. गाठ मात्र वाढतेय
सदतीस अंशांवर, गुलाबी पाण्यात,
दर दोन दिवसांनी दुप्पट.
मीच तिला खाऊ घालते.
कधी सवयीनं तोंडातून जातं, चला, जेवा.

आज अठ्ठेचाळीस तास झाले. दिवे घालवून पाहिलं.
शंभरात अकरा पेशी हिरव्या.
अकराच.
पण बाकीच्या जिवंत होत्या, तळाला घट्ट धरून.
निरोप काही मोठा नव्हता, 'उजळ', इतकाच.
'थांब' म्हणायला अजून वर्षं आहेत.
मग उंदीर, मग कागद, मग परत कागद,
मग कदाचित घाटीतल्या ओपीडीच्या रांगेत
फाईल पदराखाली धरून उभं असलेलं कुणी.
कदाचित तेही नाही.

वाहक कुठे गेला?
पेशीतल्या पिशवीत, आंबट पाण्यात फुगला,
पिशवी फुटली, निरोप बाहेर पडला,
आणि पुढे नुसतं पाणी
एकेक दुवा सोडवत गेलं,
झोपलेल्या पोरीची वेणी
तिला न उठवता सोडवावी, तसं.

नोंदवहीत शेवटचा रकाना 'शिल्लक'.
तिथे मी बराच वेळ पेन टेकवून बसले,
मग लिहिलं: सापडत नाही.

पावणेचारला भावजयीचा फोन. आलंय, बारीक आहे, ये.
गल्लीभर मोटारींची घरघर, दारादारात पाइप.
टाकी, ड्रम, दोन कळशा, कुकर सुद्धा.
रुखसानाआपांनी त्यांची नळी आमच्या ड्रममध्ये सोडली,
"पहले तुम भर लो, तुमकू सुबू जाना है."
कोपरापर्यंत हात बुडवून मी तळाचा गाळ काढत राहिले.
लॅबमध्ये याच पाण्याला मी
तोडायचं काम दिलंय, हे त्यांना सांगावंसं वाटलं.
सांगितलं नाही. त्यांची बादली भरत आली होती.

पाणी गेलं.
दुसरा ड्रम अर्धाच भरला.
झाकण लावलं, वर वीट ठेवली.